दिवसाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे आमंत्रण आम्हांला आले तेव्हा त्यात दोन अटी होत्या. विषय शास्त्राचा असला तरी दिवसभर दुकान सांभाळून संध्याकाळी येथे येणाऱ्या माणसाला तो समजला पाहिजे, ही पहिली. आणि व्याख्यान बरोबर एका तासात आटोपले पाहिजे, ही दुसरी. पहिली अट पुरी झाली की नाही याचा निवाडा शेवटी आपणच करावयाचा आहे. दुसऱ्या अटीने मात्र आम्हांला विचारात पाडले. तास म्हणजे दिवसाचा चोविसावा हिस्सा. मग दिवस म्हणजे केवढा? चिटणीसांना विचारले तर ते म्हणाले, "त्यात काय एवढे? दिवस चोवीस तासांचा!" म्हणजे तास ठरवायचा दिवसावरून आणि दिवस ठरवायचा तासावरून. उसने घेऊन उसने फेडण्यासारखाच हा प्रकार झाला. हा घोळ आपल्यासमोर बसून सोडवता येतो का ते पाहावे, म्हणून आजचा विषय आम्ही निवडला.

आपल्यापैकी पुष्कळजण व्यापारउदीम करणारे आहेत. रात्री रोजमेळ मांडताना गल्ल्यात आणि वहीत एका रुपयाची तफावत निघाली, तर मुरलेला दिवाणजी तो रुपया आपल्या खिशातून टाकून वही मिटवीत नाही. तो ती तफावत हुडकीत बसतो; कारण त्या एका रुपयामागे कधी शंभराची चूक दडलेली असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दिवसाच्या मोजणीचा इतिहास हा अशाच तफावतींचा इतिहास आहे. ज्यांनी तफावत दडपली त्यांना काही मिळाले नाही. ज्यांनी ती हुडकली त्यांना पृथ्वीची, चंद्राची आणि समुद्राची गुपिते सापडली. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच.

'दिवस' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. "दिवस मावळला" म्हणतो तेव्हा उजेडाचा काळ मनात असतो. "चार दिवसांनी या" म्हणतो तेव्हा रात्रही त्यात धरलेली असते. उजेडाचा दिवस, म्हणजे पंचांगातले दिनमान, कमीजास्त होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते सुमारे १३ तास १२ मिनिटे भरते आणि डिसेंबरात ११ तासांच्या आसपास उतरते. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून हे घडते. विषुववृत्तावर दिनमान बारा महिने जवळजवळ सारखे, ध्रुवावर सहा महिन्यांचा एक दिवस, हे सारे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यात वेळ घालवीत नाही.

पण येथेच पहिली तफावत भेटते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपल्या आया सांगत आल्या. शाळेतले मास्तर म्हणतात, छे, तो २२ डिसेंबरपासूनच वाढू लागतो. मास्तरांचे गणित खरे आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास येत असे. पुढे अयनचलनामुळे दोहोंत अंतर पडले. परंतु आईलाही अगदीच खोटे पाडू नका. पुण्यात २२ डिसेंबरनंतरही सूर्य रोज थोडा थोडा उशिराच उगवत जातो, आणि हे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे संक्रांत उलटून चार दिवस होईतो चालते. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासूनच पुढे सरकू लागलेला असतो. दिवस संध्याकाळच्या टोकाने आधी वाढतो, सकाळच्या टोकाने मागाहून. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईला दिवस वाढल्याचे संक्रांतीनंतरच जाणवणार, आणि संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या तिच्या नवऱ्याला ते महिनाभर आधी जाणवणार. दोघांची साक्ष वेगळी, आणि दोघेही खरे बोलणारे! हे कसे काय?

याचे उत्तर माध्यान्हीत आहे. दिवसाची दोन्ही टोके एकाच दिशेने सरकत असतील तर त्याचा मध्यही सरकत असला पाहिजे. तेव्हा आता माध्यान्ह पाहू.

त्यासाठी दुर्बीण नको, वेधशाळा नको. अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. तिला आपले पूर्वज शंकू म्हणत. तिची सावली सर्वांत आखूड होईल ती माध्यान्ह. सध्या उन्हाळा आहे, म्हणजे या प्रयोगाला याहून चांगला मुहूर्त नाही. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात १३ मेच्या सुमारास, मुंबईत १५ मेच्या सुमारास. त्या दिवशी काठीची सावली पायातच नाहीशी होते. मुलांना ही गंमत अवश्य दाखवा. पण त्या क्षणी मनगटाकडे पाहाल तर पुण्यात घड्याळात बारा नव्हे, साडेबारा वाजलेले असतील!

याचे कारण असे की आपल्या मनगटावरचे घड्याळ आपल्या गावचे नाहीच. ते ८२॥ अंश पूर्व रेखांशाचे, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापुराजवळच्या रेषेचे आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. पुणे त्या रेषेच्या पावणेनऊ अंशांच्या आसपास पश्चिमेस, म्हणून सरासरीने तेथली माध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते. मुंबईची ३९ मिनिटांनी.

ही ३९ मिनिटे मुंबईकरांनी सहजासहजी सोडली नाहीत. १९०६ च्या १ जानेवारीपासून सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईत तिला विरोध झाला, आणि मुंबईच्या महापालिकेने तर आपला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालू ठेवला. जवळजवळ पन्नास वर्षे त्या शहरात दोन वेळा नांदल्या. आमचे आजोबा गिरगावात राहत. कोणी त्यांना सांगितले की अमुक वाजता या, तर ते विचारीत, "मुंबई की स्टँडर्ड?" लहानपणी आम्हांला हे हट्टीपण वाटे. आज वाटते, त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. वेळ सांगणाऱ्याला 'कोणाची वेळ?' असे विचारलेच पाहिजे. आगगाड्यांना एक वेळ हवी, तारखात्याला एक वेळ हवी, हे मान्य. पण ती सोय आहे, सूर्याची आज्ञा नव्हे. सोयीसाठी आपण सूर्यापासून पाऊण तासाच्या आसपास दूर झालो आहोत, हे ध्यानात असावे. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

आता समजा, आपण आपल्या गावचीच सरासरी माध्यान्ह धरली. तरी काठी रोज त्याच वेळी साक्ष देईल काय? नाही. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यावर माध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास होते, आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांनीच. अर्ध्या तासाचा फरक! म्हणजे एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा काळ रोज सारखा नसतो. डिसेंबरच्या शेवटी तो चोवीस तासांहून सुमारे ३० सेकंदांनी मोठा असतो, तर सप्टेंबरच्या मध्यावर सुमारे २१ सेकंदांनी लहान. संक्रांतीच्या वेळी आई आणि मास्तर यांच्यात वाद लागला तो याच सेकंदांमुळे. त्या दिवसांत माध्यान्ह रोज पुढे सरकते आणि सूर्योदयाला आपल्याबरोबर ओढीत नेते.

याची कारणे दोन. पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळ नाही; जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याजवळ असते आणि वेगाने धावते, जुलैत दूर असते आणि सावकाश चालते. हे एक. सूर्याचा वार्षिक मार्ग विषुववृत्ताशी तिरपा आहे, हे दुसरे. आम्हांला अभिमान वाटतो तो असा की आपल्या ज्योतिष्यांनी या दोन्ही कारणांचे संस्कार निरनिराळे काढून त्यांना नावेही दिली होती. पहिल्याचे नाव भुजांतर, दुसऱ्याचे उदयांतर. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त उदयांतराचा विचार आहे. खऱ्या सूर्याला त्यांनी 'स्पष्ट' म्हटले आणि हिशेबासाठी सारख्या चालीचा एक कल्पित सूर्य घेतला, त्याला 'मध्यम' म्हटले. आपली सारी घड्याळे या मध्यम सूर्याची चाकर आहेत. म्हणजे आकाशात कोणालाही कधी न दिसलेल्या सूर्याची!

आणि घड्याळे तरी कशावरून जुळवली? आमच्या लहानपणी मावशीच्या लग्नात आम्ही घटिकापात्र पाहिले. घंगाळभर पाणी, त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. आम्ही पोरांनी घंगाळात हात घालून लाटा उठवल्या, वाटी वेळेआधी बुडाली आणि जोशीबुवांची बोलणी खावी लागली. पण भोक केवढे पाडायचे हे कशावरून ठरले? अहोरात्रात वाटी साठ वेळा बुडावी यावरून. पुढे लंबकाचे घड्याळ आले, तरी त्याची परीक्षा आकाशाशी ताडूनच होई. सेकंदाची व्याख्याही हेच सांगे, की मध्यम दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे एक सेकंद. चिटणीसांनी आम्हांला जे उत्तर दिले, तेच सारे जग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देत होते. खरी मालकीण पृथ्वी. घड्याळे तिची कारकून.

सूर्य जर असा लहरी, तर पृथ्वीची खरी फेरी मोजायची कशी? ताऱ्यांवरून. उन्हाळ्यात गच्चीवर निजणाऱ्या कोणीही हे ताडून पाहावे. आज एखादा तारा शेजाऱ्याच्या छपराआड गेला ती वेळ टिपून ठेवा. उद्या तो सुमारे चार मिनिटे आधी जाईल, महिन्याने दोन तास आधी. पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. उरलेली चार मिनिटे तिला सूर्यासमोर पुन्हा येण्यासाठी जास्त वळावे लागते, कारण दरम्यान ती कक्षेत पुढे गेलेली असते. देवाला प्रदक्षिणा घालणारा माणूस जागच्या जागी गिरकी घेत नाही, तरी एका प्रदक्षिणेत त्याचे तोंड चारही दिशांना फिरून येते. ही न मागता मिळालेली एक गिरकी. म्हणूनच वर्षात दिवस तीनशे सव्वापासष्ट, तर पृथ्वीच्या फेऱ्या त्याहून बरोबर एक अधिक.

येथे आर्यभटाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, आणि नावेत बसलेल्याला तीरावरची झाडे मागे जाताना दिसतात तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने ४९९ साली लिहिले. एका महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५०० आणि दिवस १,५७,७९,१७,५०० असा त्याचा हिशेब आहे. दोहोंची वजाबाकी करून पाहा. उत्तर येते ४३,२०,०००, म्हणजे नेमकी वर्षांची संख्या. वर्षाला एक फेरी अधिक, हीच ती प्रदक्षिणेची गिरकी. आणि त्याच्या आकड्यांवरून एका फेरीचा काळ काढला तर तोही २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदच येतो.

आता श्रोते म्हणतील, झाले तर! ताऱ्यांवरून पृथ्वीची फेरी सापडली, ती अढळ आहे, प्रश्न मिटला. अठराव्या शतकापर्यंत बहुतेक साऱ्यांची हीच समजूत होती. पण वहीत तफावत निघू लागली. १६९५ च्या सुमारास एडमंड हॅले प्राचीन ग्रहणांच्या नोंदी ताडून पाहत होता. त्याला आढळले की चंद्राची चाल पूर्वीपेक्षा वाढल्यासारखी दिसते. त्या तफावतीचे सारे धागेदोरे उलगडायला पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यातून निघाले ते हे, की मापच बदलत होते. ज्या घड्याळाने चंद्राची चाल मोजली, ते घड्याळ म्हणजे पृथ्वी, मंद होत होते.

तिला मंद करतो कोण? भरती-ओहोटी. फिरत्या चाकावर कुंभाराने हलकेच तळवा टेकवला तर चाकाचा वेग उतरतो. समुद्राचा फुगवटा चंद्र धरून ठेवू पाहतो आणि पृथ्वी त्याखालून फिरत असते. ते पाणी तळाशी, किनाऱ्याशी घासत राहते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७५४ सालीच ही कल्पना मांडली होती. आपल्या कोकणातला नाखवा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चंद्र आणि समुद्र यांचे नाते त्याच्या बोटांवर आहे. त्याच नात्याने पृथ्वीचा दिवस लांबवला, एवढेच त्याला सांगायचे राहिले आहे. पृथ्वीने गमावलेली गती चंद्राच्या पदरात पडते आणि तो दूर जातो. १९६९ पासून चांद्रवीरांनी तेथे ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण टाकून हे अंतर मोजतात. ते दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने वाढते आहे.

आणि दिवस लांबतो तो किती? एका शतकात सेकंदाच्या हजाराव्या भागाचे पावणेदोन पट. आपण हसाल! एवढ्याशाची काय मातब्बरी? पण ही रोजची चूक आहे, आणि तिची बेरीज होत जाते. इसवी सनापूर्वी १३६ साली, १५ एप्रिलला, बाबिलोन शहरात खग्रास सूर्यग्रहण झाले. तेथील ज्योतिष्यांनी मातीच्या विटेवर त्याची नोंद केली. दिवसाढवळ्या ग्रह आणि तारे दिसल्याचे लिहिले. ती वीट आज लंडनच्या संग्रहालयात आहे. आता गणित करून पाहिले, पृथ्वी तेव्हापासून आजच्याच चालीने फिरत आली असे धरले, तर त्या ग्रहणाची सावली बाबिलोनवरून जातच नाही. ती स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरून जाते. सुमारे ४९ अंशांचा, सव्वातीन तासांचा फरक. बाबिलोनचा ज्योतिषी खोटे लिहिणार नाही. तेव्हा दोन हजार वर्षांत पृथ्वीच्या घड्याळात साचलेली तफावत ती हीच. रोजची हजाराव्या भागाची चूक साचून एक सबंध शहर हुकले!

याहून जुनी वही समुद्रात आहे. पोवळ्याच्या अंगावर रोज एक बारीक रेघ वाढते आणि वर्षाची जाड वळी उमटते. १९६३ साली जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांच्या रेघा मोजल्या. वर्षाला सुमारे ४०० भरल्या! वर्ष तेवढेच, पण दिवस ४००. म्हणजे तेव्हाचा दिवस सुमारे बावीस तासांचा. पृथ्वीवर माणूस नव्हता, जोशी नव्हता, पण रोजकीर्द लिहिणारा तेव्हाही होता.

पृथ्वी नुसती मंद होत गेली असती, तर हिशेब सोपा होता. पण विसाव्या शतकात क्वार्ट्झची घड्याळे आली आणि मग १९५५ साली इंग्लंडात सीझियम अणूचे घड्याळ चालू झाले. योगायोग असा की मुंबईने आपला टाइम सोडला तेही याच साली. कारकून मालकिणीपेक्षा नेटके निघाले, आणि मालकिणीच्या लहरी उघड झाल्या. दिवस ऋतूंप्रमाणेही कमीजास्त होतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाने का होईना. हिवाळ्यात उत्तरेकडचे पश्चिमी वारे जोर करतात. वाऱ्याने गती घेतली की ती जमिनीच्या खात्यातून वजा होते आणि दिवस लांबतो. १९८२-८३ च्या मोठ्या 'एल निनो'त दिवस असाच जास्त लांबला. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचा गाभा आहे, तोही आपल्या चालीने फिरतो आणि वरच्या कवचाशी देवघेव करतो. २००४ च्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ जो भूकंप झाला आणि ज्याच्या लाटांनी आपला पूर्व किनारा उद्ध्वस्त केला, त्याने पृथ्वीचे वस्तुमान किंचित आत ओढले गेले, आणि गणिताप्रमाणे दिवस सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या पावणेतीन पटीच्या आसपास आखूड झाला.

वस्तुमान आत ओढल्याने वेग का वाढावा? मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या मुलींना विचारा. हात ताणून मागे रेलल्या की फेरा सावकाश पडतो. जवळ येऊन हात आखडले की गरगर फिरतात. पृथ्वीची फुगडी याच नियमाने चालते. हिमयुगात ध्रुवांकडे बर्फाचे डोंगर होते; त्यांच्या ओझ्याने दबलेली जमीन बर्फ वितळल्यावर अजूनही हळूहळू वर येत आहे. त्यामुळे पृथ्वी किंचित गोल होते, जणू हात आखडते, आणि भरतीने घातलेला लगाम थोडा सैल पडतो. आज मात्र उलट घडते आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवा तापवली. ग्रीनलंड आणि दक्षिण ध्रुवावरील बर्फ वितळून ते पाणी समुद्रात, विषुववृत्ताकडे पसरते. फुगडीतली पोर हात ताणते आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे २००० सालापासून या एका कारणाने दिवस शतकाला १.३३ हजारांश सेकंद या दराने लांबतो आहे. मघाशी सांगितलेले पावणेदोन आठवा. चंद्राने समुद्राच्या साह्याने कोट्यवधी वर्षे चालवलेल्या कामाच्या तोडीला माणसाचा धूर येऊ पाहतो आहे. आजवर राजेरजवाड्यांनी शक चालू केले, पंचांगे बदलली. पण दिवसाची लांबी बदलणे कोणाला जमले नव्हते. ते आपण, न ठरवता, करून बसलो आहोत.

आता व्यवहाराचा प्रश्न. १९६७ साली जगाने सेकंद पृथ्वीकडून काढून घेतला आणि अणूकडे दिला. सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. चिटणीसांच्या उत्तरातला घोळ त्या वर्षी सुटला. तास आता दिवसावर अवलंबून नाही. पण एक घोळ सुटला आणि दुसरा उभा राहिला. अणूचा सेकंद ज्या वेधांशी मेळ घालून ठरला ते एकोणिसाव्या शतकाच्या आसपासचे, आणि पृथ्वी तेव्हापासून मंदावलेली. म्हणून १९७२ पासून दोहोंत अंतर पडले की जगाच्या वेळेत एक सेकंद वाढवण्याची पद्धत सुरू झाली. जणू सेकंदाचा अधिकमास! असे आजवर २७ वेळा झाले. शेवटचा सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरचा. आपल्याकडे तेव्हा २०१७ च्या १ जानेवारीची पहाट होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजले नाहीत, साठावा सेकंद वाजला. त्यानंतर पृथ्वीनेच चाल थोडी वाढवली. २०२४ च्या ५ जुलैचा दिवस चोवीस तासांहून १.६६ हजारांश सेकंदांनी आखूड भरला. कदाचित एक सेकंद गाळावा लागेल, क्षयमास करावा लागेल, अशी चर्चा सुरू झाली. बर्फ वितळल्याने ती वेळ काही वर्षे पुढे गेली, असेही गणित निघाले.

संगणकांना हा अधिक सेकंद सोसत नाही. साठावा सेकंद पाहिला की त्यांची यंत्रणा गोंधळते. पेढ्या, विमाने, दळणवळण साऱ्यांना धास्ती वाटते. म्हणून २०२२ साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत ही दुरुस्ती सध्याच्या रूपात थांबवावी आणि अंतर अधिक वाढू द्यावे. म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांच्यातला शेवटचा धागा सैल करावयाचा.

यावर आपले मत काय असावे? काही लोक म्हणतात, हा सूर्याचा अपमान आहे. आम्हांला तसे वाटत नाही. शतकाला मिनिटभराचे अंतर पडेल म्हणून शोक करणाऱ्याने आधी हे पाहावे की पुण्यामुंबईचे घड्याळ आजच सूर्यापासून अर्ध्या तासाहून अधिक दूर आहे, आणि आपले जेवणखाण त्याने अडलेले नाही. वेळ ही चार माणसांनी एकत्र यावे म्हणून केलेली तडजोड आहे. आज आपण येथे जमलो ते सूर्य पाहून नव्हे; हस्तपत्रिकेवर छापलेली वेळ सर्वांची एक होती म्हणून. अणूचे घड्याळ नेटके चालते, तर चालो.

आमची चिंता निराळी आहे. दुरुस्ती थांबवा, पण मोजणी थांबवू नका. इतके दिवस तो जादा सेकंद आला की वर्तमानपत्रात चार ओळी येत, एखादे पोर बापाला विचारी, की बाबा, हा सेकंद कोठून आला? ती तफावत चारचौघांत मांडली जात होती. आता ती दृष्टीआड होणार. शास्त्रज्ञ ती मोजीत राहतीलच. पण नागरिक विसरतील. आणि ज्या तफावतीत आपल्या धुराचा हिशेब लिहिला आहे, ती विसरणे आपल्या सोयीचेच आहे, म्हणून भय अधिक. मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटे १९५५ साली सोडली, पण निदान पन्नास वर्षे वाद घालून, काय सोडतो आहोत हे जाणून सोडली. आपणही तेवढे करावे.

म्हणून जाताना एकच विनंती. या महिन्यात अंगणात, गच्चीवर, शाळेच्या पटांगणात एक काठी रोवा. तिची सर्वांत आखूड सावली खडूने टिपा, त्या वेळी घड्याळात किती वाजले ते लिहा, आणि वर्षभर महिन्यातून एकदा तेच करा. खर्च काही नाही. वर्षअखेरीस आपल्या वहीत अर्ध्या तासाची चढउतार दिसेल. मुले विचारतील, घड्याळ चुकले की सूर्य? त्यांना लगेच उत्तर देऊ नका. हुडकू द्या.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहू लागले आहेत, आणि ते घड्याळ कोणाचे हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.